बाजारतळावरचं कुलूप

नगरपालिकेत मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. आवक-जावक म्हणजे बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, त्याला नंबर द्यायचा, वहीत नोंद करायची आणि तो ज्या खात्याचा असेल त्या खात्यात पाठवून द्यायचा. पुढं त्या कागदाचं काय होतं ते विचारायचं नाही. मी विचारतही नव्हते. पगार वेळेवर होत होता.

गावाचं नाव सांगत नाही. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या पट्ट्यातलं वाढतं गाव आहे. गाव म्हटलेलं आता पुढाऱ्यांना चालत नाही, शहर म्हणावं लागतं. शहर म्हणजे दोन कमानी, फक्त समारंभाला उडणारं एक कारंजं, दुभाजकात आणून रोवलेली आणि वर्षात वाळलेली खजुराची झाडं, आणि चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सवरची माणसं हात जोडून हसत असतात. खालून गटाराचं पाणी रस्त्यावर आलेलं असतं आणि लोक त्यातून साडी, पँट वर उचलून पलीकडं जात असतात. पाणी एक दिवसाआड येतं. ते आलं की नगरसेवक मोबाईलवर मेसेज टाकतो, जणू ते त्याच्या घरच्या विहिरीतून येतंय.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी सणसरच्या शिवारात लोकांच्या बांधावर राबून वडिलांना शिकवलं, वडील शिक्षक झाले. वडिलांचा कागदावर फार विश्वास. मी चौथीत असल्यापासून ते माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. म्हणायचे, "अर्ज लिहायला शीक. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं." ते गेले तेव्हा मी नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, आणि लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागत नाही हे मला कळून चुकलं होतं. त्यांना सांगितलं नाही.

मावशी पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आली ती बाजाराच्या दिवशी, मंगळवारी, भर दुपारी. अंथुर्ण्याची भाजीवाली, बाजारात सगळे तिला मावशीच म्हणायचे. घरची थोडी बागायत, कालव्याचं पाणी, भेंडी, गवार, मेथी करून दर मंगळवारी आमच्या बाजारात आणायची. वय पन्नाशीच्या पुढं, पदर कंबरेला खोचलेला, बोटांच्या कडांना मेथीच्या मुळांची माती. हातात वहीचा फाडलेला कागद.

"बाई, ह्यो अर्ज कुठं द्यायचा?"

"इथंच. कशाचा आहे?"

"वाचा की. आमच्या नातीनं लिवलाय."

पोरीचं अक्षर गोल आणि स्वच्छ होतं. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही. आम्ही पहाटे घरातून निघतो आणि संध्याकाळी घरी जातो. तरी आमची सोय करावी. खाली सतरा बायकांच्या सह्या आणि अंगठे.

मी शिक्का मारला. मग उगाच विचारलं, "आत्ता काय करता मग?"

"काय करनार? पानीच पित न्हाय. आदल्या रातीपासनं बंद. बाजारात च्या बी घेत न्हाय. बापय मानसं भितीकडं त्वांड करून मोकळी हुत्यात, आमी कुठं जायचं? मागं बाभळीखाली जात हुतो, तितं आता तुमी पार्किंग केलंय."

"तुमी" म्हणजे मी नव्हते, नगरपालिका. पण बोट माझ्याकडं होतं.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. ऑफिसात बायकांसाठी एक संडास होता. बाहेरचे लोक घाण करतात म्हणून त्याला कुलूप असायचं आणि त्याची किल्ली माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेली असायची. मावशी समोर उभी होती, किल्ली माझ्या डोक्यामागं होती, आणि मी तिला म्हटलं, "अर्ज आरोग्य विभागात जाईल. महिन्याभरानं चौकशी करा."

आरोग्य विभाग म्हणजे आरोग्य निरीक्षक. गावच्या झाडलोटीवरचा मुख्य माणूस. पांढरा कडक शर्ट, दोन मोबाईल, आणि कचरागाडीजवळ उभं राहायची वेळ आली तर नाकाला धरायला अत्तर लावलेला रुमाल. त्यानं अर्ज वाचला आणि शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल असं म्हणाला, "आता भाजीवाल्यांना पण ॲटॅच्ड पाहिजे." सगळे हसले. मीही ओठ हलवले.

अर्ज तिथंच मेला असता. पण त्या वर्षी निवडणूक तोंडावर होती आणि बाजारतळाच्या नगरसेवकाला कुणीतरी सांगितलं की बायकांचं काहीतरी करायला हवं. लोक त्याला भाऊ म्हणायचे. भाऊंनी विषय सभेत घेतला. फाईल घेऊन मला आत बोलावलं होतं, म्हणून मी दाराशी उभी होते. एवढे मोठे मोठे लोक, पण मुतारी हा शब्द कुणाच्या तोंडातून निघेना. एक म्हणाला "ते हे", दुसरा म्हणाला "लेडीजचं ते", तिसरा नुसताच खाकरला. आरसीसी, अनुदान, वर्क ऑर्डर हे शब्द मात्र सगळ्यांच्या जिभेवर लोण्यासारखे. शेवटी मुख्याधिकारी साहेबांनी, ते तेव्हा नवे आणि तरुण होते, "महिला प्रसाधनगृह" असा शब्द सुचवला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडून विषय मंजूर केला.

मावशी विचारायला आली तेव्हा मी तिला ठराव वाचून दाखवला. "बाजारतळ येथे महिला प्रसाधनगृह उभारणेस मंजुरी देण्यात येत आहे."

"ते काय अस्तंय?"

"प्रसाधन म्हणजे... तसं म्हटलं तर नटणं. पावडर, कुंकू."

"आमाला नटायचं न्हाय बाई," ती म्हणाली, "आमाला मुतायचं हाय."

 निरीक्षक त्याच्या खोलीतून बाहेर आला. "मावशी, ऑफिस आहे हे. भाषा सांभाळा."

"भाषेला काय झालं? तुमी काय करता मग सकाळच्याला? प्रसाधन करता व्हय?"

त्या दिवशी मी नोकरीत पहिल्यांदा मनापासून हसले. वहीत डोकं घालून हसले, कुणाला दिसू नये म्हणून.

इमारत व्हायला दीड वर्ष लागलं. चार संडासांची खोली ती. तेवढ्या काळात बारामतीच्या रस्त्याला तीन मंगल कार्यालयं उभी राहिली. पण झाली ती देखणी झाली, हे खोटं कशाला सांगू. गुलाबी फरश्या, निळं छत, वर पाण्याची टाकी. भिंतीवर नऊवारीतली बाई काढलेली, ती हसत हसत हात धुतेय. पुढं फलक लावला. तो दारापेक्षा मोठा होता आणि त्यावर सात पुरुषांचे फोटो होते.

उद्घाटन मुद्दाम मंगळवारी ठेवलं. भाऊंनी मावशीला बोलावून पुढं उभं केलं, तिच्या हातात नारळ दिला. फीत कापली, फोटो निघाले, भाऊंनी माताभगिनींच्या सन्मानावर भाषण केलं. भाषण चालू असताना पलीकडच्या भिंतीला त्यांचाच एक कार्यकर्ता पाठमोरा उभा होता, कशासाठी ते सांगायला नको. टाळ्या झाल्या. मावशीनं नारळ खाली ठेवला, आपल्या पाटीखालून प्लॅस्टिकचा तांब्या काढला आणि आत जायला वळली. निरीक्षक दाराला कुलूप लावत होता.

"आवो, थांबा की!"

"आज उद्घाटन आहे मावशी," तो म्हणाला. "वापर नाही."

"मग कवा?"

"हस्तांतरण व्हायचंय."

हस्तांतरण म्हणजे काय ते मला माहीत होतं, कारण त्याची पत्रं माझ्याच टेबलावरून जायची. बांधकाम खात्यानं इमारत बांधली. ती त्यांनी आरोग्य खात्याच्या ताब्यात द्यायची. आरोग्य खातं म्हणे, नळाला पाणी नाही तोवर आम्ही ताबा घेणार नाही. पाणीपुरवठा म्हणे, ताबा कुणाकडं ते ठरल्याशिवाय जोडणी कुणाच्या नावावर देऊ? तिन्ही खात्यांच्या खोल्या एकाच व्हरांड्यात. तिन्ही माणसं रोज अकराला एकाच टपरीवरचा चहा एकत्र प्यायची, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जायची. आणि एका खोलीतून शेजारच्या खोलीत पत्र जायला आठ दिवस लागायचे. मी शिक्का मारायची, नंबर द्यायची, शिपायाच्या हातात द्यायची आणि तो बारा पावलं चालून जाऊन ते देऊन यायचा. असं सात-आठ महिने चाललं.

मावशी दर मंगळवारी येऊन विचारायची. पुढं पुढं विचारायचीही नाही, व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून माझ्याकडं बघायची. मी मान हलवली की परत जायची. तेवढीच आमची ओळख वाढत गेली. कधी टेबलावर मेथीची जुडी ठेवून जायची. मी घरी नेऊन करून खायची, आणि घास गिळताना मला माझीच किळस यायची.

मग कळलं की वरून स्वच्छतेच्या स्पर्धेची समिती पाहणीला येणार आहे, तीही मंगळवारी. ऑफिसात लग्नघराची धावपळ सुरू झाली. ज्या गटारात वर्षभर कुणी काठी घातली नव्हती त्यावर चुन्याची पावडर पडली. साहेबांच्या बंगल्यावरच्या कुंड्या उचलून प्रसाधनगृहाच्या दारात आल्या. टाकीत टँकरनं पाणी भरलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी निरीक्षक माझ्या टेबलाशी आला. हातात कोरी वही.

"मॅडम, ही अभिप्राय वही. दहा-बारा अभिप्राय लिहून टाका. बायकी अक्षर पाहिजे."

"कुणाचे?"

"वापरणाऱ्या महिलांचे."

"पण कुणी वापरलंच नाही अजून."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय," तो म्हणाला. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

त्यानं मला दम दिला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं सांगितलं आणि मी लिहिलं. दोन पेनं घेऊन, अक्षर कधी तिरकं कधी उभं करून, बारा अभिप्राय. स्वच्छता उत्तम आहे. आमची चांगली सोय झाली. नगरपालिकेचे आभार. खाली बारा बायकांची नावं, मनानं रचलेली. वडिलांनी ज्या हाताला अर्ज लिहायला शिकवलं, त्या हातानं. मी त्या माणसाला नीच म्हणते, पण वही माझ्या अक्षरात आहे.

समिती दहाला येणार होती. मला वही घेऊन दारात बसवलं होतं. कुलूप काढलेलं आणि दार उघडं दिसल्यावर बायका पाट्या शेजारणीच्या भरवशावर टाकून आल्या. बघता बघता रांग लागली. निरीक्षक आडवा आला.

"समिती येऊन जाऊ द्या. मग जा सगळ्या. फरशी ओली दिसता कामा नये."

"कवा यायची ती?" मावशीनं विचारलं.

"येतील आत्ता. पंधरा मिनिटांत."

पंधरा मिनिटं म्हणून त्यानं बायकांना उन्हात उभं केलं. बारा वाजले, एक वाजला. समिती भिगवणला मासे खायला थांबल्याचा फोन आला, तो त्यानं आमच्या समोरच घेतला आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या सर, काही घाई नाही." काही बायका परत गेल्या. मावशी आणि आणखी आठ-दहा जणी थांबल्या. त्यात एक म्हातारी होती, ती भिगवणहूनच यायची, चिलापी विकायला. बर्फातल्या माशांचा डबा तिनं रांगेत आपल्या पायाशीच ठेवला होता. ती एक पाय दुसऱ्या पायावर घट्ट दाबून उभी होती.

दोनच्या सुमाराला ती एकदम खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. मग मी बघितलं, तिच्या लुगड्याखालून फरसबंदीवर ओल पसरत होती. तिनं मान वर केली नाही. डब्याचं झाकण काढलं, माशांवरचं वितळलेलं बर्फाचं पाणी ओंजळीनं घेतलं आणि आपल्या मांडीवर ओतलं. परत घेतलं, परत ओतलं. सगळं लुगडं भिजेपर्यंत. म्हणजे कुणी विचारलं तर माशांचं पाणी सांडलं म्हणता यावं.

कुणी विचारलं नाही. मावशीनं आपला पदर सोडून तिच्या पुढ्यात आडोसा धरला. निरीक्षक म्हणाला, "ह्या मासेवालीला बाजूला घ्या, वास येतोय."

अडीचला समिती आली. चार माणसं, त्यात एक बाई. दहाएक मिनिटं थांबली. बाईंनी विचारलं, "वापर कसा आहे?"

"प्रचंड," निरीक्षक म्हणाला, आणि माझ्या हातातली वही घेऊन त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चार पानं चाळली, माझ्याकडं बघून छान म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. गाडी वळायच्या आत कुलूप लागलं. रांगेतल्या एकीलाही आत जाता आलं नाही.

मावशी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आठवडा कसा गेला मला माहीत नाही. पुढच्या मंगळवारी मी ऑफिसात आले, सही केली, निरीक्षकाच्या खोलीत गेले. तो अकराच्या आत उगवत नसे. कपाटाला किल्ल्या लटकत होत्या, त्यातल्या एकीला चिठ्ठी बांधलेली होती, "म. प्र. बाजार". मी ती काढून घेतली. शिपायानं बघितलं. मी म्हटलं, "विचारलं तर सांग, मी नेली." तो म्हणाला, "मी काय बघितलंच नाही मॅडम." सत्तावीस वर्षांत त्या इमारतीत मला मिळालेली तेवढीच मदत.

कुलूप काढलं. आत टाकीत थेंब नव्हता. टँकरचं पाणी समितीपुरतंच होतं, उरलेलं सोडून दिलं होतं. मावशीनं एका नजरेत सगळं बघितलं आणि पलीकडच्या पिठाच्या गिरणीत गेली. गिरणीवाल्याची बोअर होती.

"आबा, मोटार लावा जरा. बायकास्नी पानी पायजे."

गिरणीवाल्या आबांनी काही न विचारता मोटार लावली. बायकांनी हंडे, डबे, भाजीच्या बादल्या भरून आणल्या. मी दारात खुर्ची टाकून बसले. चार तास बायका येत होत्या आणि जात होत्या. निघताना प्रत्येक बाई एक बादली ओतून जात होती. कुणी घाण केली नाही. भिगवणची म्हातारी त्या दिवशी आली नाही. नंतरही कधी बाजारात दिसली नाही.

दुपारी निरीक्षक आला. लांबूनच ओरडला, "कुणाच्या परवानगीनं उघडलं?"

"कुणाच्याच नाही."

"हस्तांतरण झालेलं नाही. काही झालं तर जबाबदार कोण?"

"मागच्या मंगळवारी झालं त्याला कोण जबाबदार होतं?"

तो क्षणभर गोंधळला. खरोखर आठवत नव्हतं त्याला. मला त्याचा राग आला नाही, नुसती शिसारी आली. दुष्ट माणसाला निदान आपण काय केलं ते माहीत असतं.

दोन दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस निघाली. विनापरवानगी शासकीय मालमत्तेचा वापर, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. नोटिशीला जावक नंबर माझ्याच टेबलावर पडायचा होता. मी माझ्या हातानं तिला नंबर दिला, वहीत नोंद केली आणि मलाच पोच दिली. उत्तर चार ओळींत लिहिलं. प्रसाधनगृह उघडले हे खरे आहे. परवानगी घेतली नाही हेही खरे आहे. अभिप्राय वहीतील बारा अभिप्राय मी खोटे लिहिले आहेत, त्याचीही चौकशी व्हावी. ते कोणी लिहायला सांगितले ते चौकशीत सांगेन.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आठ महिन्यांनी तुम्ही रिटायर होणार. कशाला हे? शेवटची ओळ काढून टाका, मी नोटीस मागं घेतो."

"आवक नंबर पडलाय सर."

"तो तुम्हीच दिलाय ना?"

"हो. म्हणून तर आता निघत नाही."

साहेब वाईट माणूस नव्हता. पण चांगल्या माणसाचा उपयोग काय, जर तो खुर्चीत बसून नुसता अस्वस्थच होणार असेल.

प्रसाधनगृहाला नवं, मोठं कुलूप लागलं. किल्ली निरीक्षक खिशात घेऊन फिरायला लागला. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता मावशी ऑफिसात आली. एकटी नाही, मागं पंधरा-वीस बायका, कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या काखेत लेकरू.

"बाई, हितं बायकांचं हाय न्हवं एक?"

"आहे."

"किल्ली?"

मी मागं वळून खिळ्यावरची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

संडास व्हरांड्याच्या टोकाला होता, साहेबांच्या केबिनच्या पलीकडं. रांग केबिनच्या दारावरून लागली. बायका भिंतीला टेकून बसल्या, गप्पा मारायला लागल्या, एकीनं गवार निवडायला घेतली. निरीक्षक धावत आला.

"हे सार्वजनिक नाही! हे स्टाफचं आहे!"

"सार्वजनिकाला तुमी कुलूप लावलंय," मावशी म्हणाली. "म्हनून हितं आलो."

"पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. काय सांगनार त्यास्नी? बायका मुतायला आल्या म्हनून?"

पोलीस आले नाहीत. तिसऱ्या मंगळवारी जिल्ह्याहून कुणी पाहुणे साहेबांकडं बसलेले होते आणि त्यांना केबिनमधून बाहेर पडताना तीस बायकांच्या पायातून वाट काढावी लागली. त्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं. साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण त्याच दुपारी बांधकाम, पाणीपुरवठा आणि आरोग्य या तिन्ही खात्यांची माणसं एका टेबलावर बसली, एकाच पेनानं सह्या केल्या आणि हस्तांतरण पाऊण तासात उरकलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पाइपलाइन इमारतीपासून वीस फुटांवरून गेलेली होती.

त्याचंही उद्घाटन झालं. पुन्हा फ्लेक्स लागला, भाऊंचा हसरा फोटो, "पाठपुराव्याला यश". नारळ धरायला मावशीला बोलावलं. ती म्हणाली, "माझं गिऱ्हाईक उभं हाय," आणि भेंडी तोलत बसून राहिली. मग भाऊंनी आपल्या बायकोच्या हातात नारळ दिला.

माझ्या नोटिशीचं काही झालं नाही. मागं घेतली नाही, चौकशीही केली नाही, फाईलमध्ये पडून राहिली. निरोपाच्या दिवशी निरीक्षकानंच भाषण केलं. मॅडमनी महिलांच्या प्रश्नावर आम्हाला वेळोवेळी मार्गदर्शन केलं, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. मी शाल घेतली, श्रीफळ घेतलं आणि हात जोडले. नाही म्हणायला पाहिजे होतं.

मावशी पुढं बाजारात दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळलं, बारामतीला दवाखान्यात होती, मूतखड्याचं ऑपरेशन झालं. मी एसटीनं अंथुर्ण्याला गेले. ती शेताच्या कडेला चिंचेखाली बाजेवर बसली होती. अंगानं निम्मी झालेली. जवळ पाण्याची मोठी कळशी.

"डाक्टर म्हनला, लई वर्सं पानी कमी पिलं तुमी. एक मूत्रपिंड जवळजवळ गेलंच म्हनं." तिनं ते दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. "आता बाजाराला सून जाती."

"तिथं आता चालू आहे ना? पाणी असतं?"

"अस्तंय दुपारपतूर. पन एका दाराला कडी न्हाय. निघाली. एकीनं भाईरनं धरून उभं ऱ्हावं लागतं."

"मी अर्ज लिहून देते," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"नगा बाई," ती म्हणाली. "सुनेनं कडी इकत आनलीय."

मंगळवारी मी घरातला स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकून बाजारतळावर गेले. सुनेनं कडी आणली होती, ॲल्युमिनियमची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिनं दार धरलं, मी स्क्रू पिळले. एक वाकडा गेला, पण कडी लागते. मी आतून लावून बघितली, मग तिनं लावून बघितली.

बाहेर आलो तर निरीक्षक उभा होता. त्यानं मोबाईल काढला, कडीचा जवळून एक फोटो घेतला आणि निघून गेला. कुठल्या तरी अहवालात ती कडी आता नगरपालिकेनं बसवलेली असेल.